हाक एकट्याला, वाट सगळ्यांची

१८९३ सालची गोष्ट. नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या आगगाडीच्या डब्यात तिशी ओलांडलेला एक मराठी कवी बसला होता. समोरच्या बाकावर एक युरोपियन गृहस्थ होते. बोलता बोलता गोष्ट संस्कृत काव्याकडे वळली आणि तेथून धर्माकडे. निरोप घेताना त्या गृहस्थांनी कवीच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि सांगितले की, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. कवीने ते हसण्यावारी नेले. पण दिलेले पुस्तक वाचण्याचा शब्द मात्र पाळला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी तो थबकला आणि मग त्याला तेथून पुढे सरकवेना.

हे कवी म्हणजे नारायण वामन टिळक. मराठी वाचक त्यांना ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ओळखतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत एका भारतीय पाळकाच्या हस्ते त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गाडीतल्या त्या गृहस्थांनी वर्तवलेली दोन वर्षांची मुदत तोवर पुरती उलटलीही नव्हती.

टिळकांच्या दृष्टीने ही देवाची हाक होती. मराठी ख्रिस्ती लोक तिला ‘पाचारण’ म्हणतात. पण ज्या दिवशी टिळकांनी ही हाक ऐकून पाऊल उचलले, त्याच दिवशी नाशिकजवळच्या जलालपूरला त्यांची पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह माहेरी होती. या निर्णयात तिला कोणी विचारले नव्हते. बातमी तिला मागाहून कळली आणि एका क्षणात तिचा संसार मोडून पडला.

देव माणसाला एकेकटे गाठून बोलावतो, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. त्याच श्रद्धेचे दुसरे सांगणे असे की, सर्व विश्वासणारे मिळून एकच देह आहेत, आणि कोणीही स्वतःपुरता जगत नाही. मग एकाची हाक आणि सगळ्यांचे ऐक्य यांत ओढाताण झाली, तर माणसाने काय करावे? हा प्रश्न फक्त चर्चच्या वेदीपुढचा नाही. तो घराच्या उंबरठ्यावरही उभा असतो. टिळकांच्या घरात तो पाच वर्षे उभा होता.

पौल आणि बर्णबा

हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीइतकाच जुना आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात एक प्रसंग येतो. पौल आणि बर्णबा हे दोघे जिवाभावाचे सहकारी. पौलावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हते, तेव्हा त्याचा हात धरून त्याला शिष्यांपुढे नेणारा बर्णबाच. दोघे मिळून गावोगाव हिंडले. पुढच्या प्रवासाची तयारी सुरू झाली, तेव्हा बर्णबाने योहान मार्क या तरुणाला बरोबर घ्यायचे ठरवले. पौलाने साफ नकार दिला, कारण मागच्या प्रवासात हा तरुण अर्ध्या वाटेवरून परतला होता. वाद इतका विकोपाला गेला की दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्र बेटाकडे गेला. पौल सीलाला घेऊन दुसऱ्या दिशेने निघाला.

बायबलने हे भांडण लपवलेले नाही. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडाही केलेला नाही. मात्र पुढे कैदेतून लिहिलेल्या एका पत्रात पौल तीमथ्याला सांगतो की, येताना मार्कला घेऊन ये, तो माझ्या उपयोगी आहे. ज्याला बरोबर नको म्हटले, त्यालाच म्हातारपणी बोलावून घेतले. मधली वर्षे दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या, पण दार बंद झालेले नव्हते.

करिंथच्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पत्रात शरीराचा दाखला आहे. डोळ्याने हाताला, मस्तकाने पायांना ‘तुझी मला गरज नाही’ असे म्हणू नये, असा त्याचा आशय. या दाखल्याचा अर्थ पुष्कळदा ‘सर्वांनी सारखे व्हावे’ असा घेतला जातो. खरे पाहता तो नेमका उलट आहे. सगळे शरीर डोळाच झाले, तर ऐकायचे कोणी? अवयव वेगळे आहेत, म्हणूनच शरीर चालते. आणि शरीराशी जोडलेला आहे, म्हणूनच अवयव जिवंत राहतो.

हे पत्रात वाचायला सोपे आहे. जगताना काय किंमत पडते, ते लक्ष्मीबाईंनी सांगितले आहे.

पाच वर्षांचे अंतर

लक्ष्मीबाई कर्मठ घरात वाढलेल्या होत्या. सोवळेओवळे हे त्यांच्या दृष्टीने श्वासाइतके स्वाभाविक होते. नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे तो जिवंत असूनही दुरावला. त्या काळच्या समाजात अशा स्त्रीला ना सधवेचा मान, ना विधवेची सहानुभूती. काही काळ माहेरी, काही काळ पंढरपूरला बहिणीच्या घरी, असे दिवस त्यांनी काढले. आजारपण आले, लोकांचे टोमणे आले. टिळकांची पत्रे येत. त्यांत मायाही होती आणि समजावणीही. पण ज्या माणसाने न विचारता घर सोडले, त्याचे शब्द मनाला लागणार ते कसे?

अखेर सुमारे साडेचार-पाच वर्षांनी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांकडे आल्या. आल्या त्या पत्नी म्हणून, ख्रिस्ती म्हणून नव्हे. त्यांचे सोवळे, त्यांचे वेगळे पाणी, त्यांची वेगळी चूल चालू राहिली. एका मिशनच्या आवारात नवरा उपदेशक आणि बायको सोवळ्यात, असा हा संसार. टिळकांनी या वेळी घाई केली नाही. ‘माझ्या देवाला मान’ अशी सक्ती केली नाही.

लक्ष्मीबाईंचा प्रवास त्यांच्या स्वतःच्या पायांनी झाला. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी कोणाच्या पुस्तकातून नव्हे, तर रोजच्या अनुभवातून स्वतःशी सोडवला. देवाने माणसांत असा भेद केलेला दिसत नाही, मग आपण तो का पाळायचा, असे एकदा मनाने घेतल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायला सुरुवात केली. १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही सारी हकीकत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सांगितली. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आजही मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणले जाते. त्यात नवऱ्याविषयी अपार प्रेम आहे, त्याच्या लहरींची थट्टा आहे आणि त्याच्यामुळे सोसलेल्या दिवसांचा खरा हिशेबही आहे. देवाच्या माणसाची बायको म्हणून त्यांनी त्यातला एकही आकडा खोडलेला नाही.

टिळकांची हाक खरी होती का? त्यांचे पुढचे सारे आयुष्य त्याची साक्ष देते. ती ऐकताना घरच्या माणसाचा विचार केला गेला का? त्याची साक्ष लक्ष्मीबाईंचे पुस्तक देते. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. हाक खरी असली म्हणून ती पाळण्याची रीत आपोआप बरोबर ठरत नाही.

देवाचा दरबार

टिळकांची दुसरी मोठी ओढाताण चर्चशी होती. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी वीसहून अधिक वर्षे काम केले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. परदेशी चालींवर बेतलेली गाणी म्हणणाऱ्या मराठी मंडळीला त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन दिले. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताच्या पायापाशी पोचलो, अशी त्यांची भावना होती. त्यांच्या घराचे दार सर्वांना उघडे असे. बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे घरच्या मुलासारखे राहिले होते.

पण मनात एक सल होता. मिशनचे वेतन घेणारा उपदेशक आपल्याच लोकांना परका वाटतो, हे त्यांना दिसत होते. शिवाय ख्रिस्तावर प्रेम असूनही बाप्तिस्म्याच्या आणि समाज सोडण्याच्या उंबरठ्यावर अडलेली माणसे त्यांच्या ओळखीची होती. त्यांना कोणत्या मंडळीत जागा होती?

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी एकत्र यावेत, ही त्यामागची कल्पना. अनेकांना हे पटले नाही. बाप्तिस्म्याला दुय्यम ठरवले तर मंडळी म्हणजे नेमके काय उरते, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो गैर नव्हता. टिळकांचा प्रश्नही गैर नव्हता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. टिळकांनी नोकरी सोडली, पण माणसे सोडली नाहीत. मिशनमधील जुन्या मित्रांशी त्यांनी वैर धरले नाही, त्यांच्या मित्रांनीही त्यांना वाळीत टाकले नाही. आणि या खेपेला साताऱ्यात लक्ष्मीबाई त्यांच्या शेजारी होत्या.

दरबाराला फार दिवस मिळाले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्यामागे दरबार ही संस्था म्हणून मोठी झाली नाही. परंतु त्यांची गीते मात्र मराठी ख्रिस्ती उपासनेचा कणा होऊन राहिली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक पदे आहेत. निरनिराळ्या पंथांची मंडळी, जी एकमेकांच्या वेदीपाशी पूर्वी सहसा जात नसत, ती रविवारी सकाळी टिळकांचेच शब्द गात आली. जे ऐक्य त्यांना नवी संस्था काढून साधले नाही, ते गाण्यांनी थोडेफार साधले.

आणखी एक काम अर्धे राहिले होते. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य टिळकांनी हाती घेतले होते. त्याचे दहाच्या आसपास अध्याय लिहून झाले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या या बाईंनी साठाहून अधिक अध्याय रचले. ज्या हाकेने एके काळी त्यांचे घर मोडले होते, तीच पुरी करण्याचे काम त्यांच्या हातून घडले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. ‘ख्रिस्तायन’ त्यानंतर मुलाच्या, देवदत्तांच्या, प्रयत्नाने प्रसिद्ध झाले.

पंडिता रमाबाई आणि ‘आजीबाई’

टिळकांच्या आधी हीच ओढाताण आणखी एका मराठी व्यक्तीने अनुभवली होती, तीही घरापासून हजारो मैल दूर. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तेथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्या छोट्या मनोरमेसह राहिल्या. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत.

प्रेम होते, पण पटत नव्हते. रमाबाई शाकाहार सोडायला तयार नव्हत्या; जेराल्डिन यांना त्यात जातीचा अभिमान दिसे. क्रॉसवर लॅटिन शब्द कशासाठी, आमची संस्कृत काय कमी आहे, असे रमाबाई विचारत. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या प्रश्नावर बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा रमाबाई संतापल्या. मतप्रणालीतील काही कलमे त्यांच्या बुद्धीला पटेनात, आणि जे पटत नाही ते केवळ अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून मानणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटे. एका धर्मातील पुरोहितांचे वर्चस्व झुगारून आल्यावर दुसऱ्या धर्मातील पुरोहितांपुढे मान तुकवायची नाही, असा त्यांचा बाणा होता. जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. मंडळीच्या शिस्तीत न राहता माणूस विश्वासात टिकेल कसा, ही त्यांची काळजीही खोटी नव्हती.

रमाबाई कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत बसल्या नाहीत. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी ‘शारदा सदन’ काढले, पुढे पुण्याजवळ केडगावला ‘मुक्ती’ उभी केली. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या शेकडो मुली आणि विधवा तेथे आल्या, शिकल्या, स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले, कारण प्रचलित भाषांतर सामान्य बायकांना समजायला जड होते. ते काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

आणि आजीबाई? मतभेद कधीच पुरते मिटले नाहीत. पण पत्रव्यवहारही कायमचा तुटला नाही. एवढेच नव्हे, तर रमाबाईंची ती सारी पत्रे, ज्यांत स्वतःवरच टीका होती तीसुद्धा, सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवली आणि नीट लावली. १९७७ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आज रमाबाईंचा तो करारी आवाज आपल्याला ऐकू येतो, तो त्यांच्याशी वाद घालणाऱ्या त्या धर्ममातेमुळेच.

या कथेला एक शेवटही आहे. १९७०च्या दशकात पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात कॅथलिक आणि अँग्लिकन भगिनी एकत्र राहू लागल्या. त्यांतील अँग्लिकन भगिनी कोणत्या संघाच्या? वाँटेजच्याच.

चाळीस वर्षांची चर्चा

टिळक मुंबईत शेवटच्या आजारात होते, त्याच महिन्याच्या सुरुवातीला, १ आणि २ मे १९१९ रोजी, तामिळनाडूतील तरंगंबाडी येथे काही पाळक जमले होते. त्यांतील जवळजवळ सर्व भारतीय होते. पहिले भारतीय अँग्लिकन बिशप व्ही. एस. अझरिया हे त्यांच्यात प्रमुख. त्यांचे म्हणणे सरळ होते. युरोप-अमेरिकेतील भांडणांतून निघालेले पंथ आमच्या देशात आम्ही का जोपासावेत? या बैठकीतून सुरू झालेल्या प्रयत्नांना २७ सप्टेंबर १९४७ रोजी फळ आले आणि मद्रासमध्ये ‘चर्च ऑफ साऊथ इंडिया’ स्थापन झाले.

उत्तरेकडे बोलणी १९२९ साली सुरू झाली आणि पुरी व्हायला चाळीस वर्षे लागली. अडचण श्रद्धेची होती. बाप्टिस्ट मंडळी म्हणत, माणसाने कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल करून बाप्तिस्मा घ्यावा. इतर मंडळ्या बालकांना बाप्तिस्मा देत. एक बाजू व्यक्तीच्या स्वतःच्या निर्णयाला जपत होती, दुसरी बाजू म्हणत होती की मूल जन्मतःच देवाच्या कुटुंबात येते. यातून वाट निघाली ती अशी की, दोन्ही पद्धती मान्य कराव्या आणि कोणाच्याही विवेकबुद्धीवर जबरदस्ती करू नये.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ जन्माला आले. टिळक ज्या मिशनमध्ये राबले, त्या मिशनच्या मंडळ्याही त्यात आल्या. स्थापनेचा सोहळा झाला नागपूरला. ज्या शहरातून ती आगगाडी निघाली होती, त्याच शहरात.

हे ऐक्य परिपूर्ण होते असे नाही. चर्चेत शेवटपर्यंत सामील असलेली मेथॉडिस्ट मंडळी ऐनवेळी बाहेर राहिली. कॅथलिक आणि इतर अनेक मंडळ्या आपापल्या परंपरेत आहेत. पण सारख्याच पद्धतीने वागायला न लावताही एकत्र येता येते, एवढे त्या दिवशी सिद्ध झाले.

घराच्या उंबरठ्यावर

आजही एखाद्या ख्रिस्ती घरात मुलगी येऊन सांगते की मला सिस्टर व्हायचे आहे, किंवा मुलगा म्हणतो की मी आपल्या चर्चमध्ये न जाता दुसरीकडे जाणार. आईवडिलांच्या छातीत धस्स होते. दोन सोपी उत्तरे तयार असतात. एक म्हणजे, ‘देवाने मला सांगितले आहे, आता कोणी बोलू नका.’ दुसरे म्हणजे, ‘आमच्या घरात असले चालणार नाही.’ पहिल्या उत्तराने घर मोडते, दुसऱ्याने माणूस.

टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई आणि जेराल्डिन यांच्या आयुष्यात तिसरी वाट दिसते. ती लांबची आहे. ज्याला हाक आली, त्याने ती घरच्यांना आणि मंडळीला आधी सांगावी, मागाहून कळवू नये. घरच्यांनी आणि मंडळीने तिची पारख करावी, पण पारखायला वेळ लागतो हे मान्य करावे. आणि वाटा वेगळ्या झाल्याच, तर पत्रे चालू ठेवावीत.

लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या, तेव्हा एका घरात दोन चुली पेटत होत्या. टिळकांनी दुसरी चूल विझवायला सांगितले नाही. काही काळाने तिची गरज उरली नाही.